मालिकेच्या दिवाणखान्यात शिरलेली बाई

‘डायनॅस्टी’ या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग एबीसी वाहिनीवर 12 जानेवारी 1981 रोजी झळकला आणि त्यानंतर आठच दिवसांनी रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, तरीही त्या दशकाविषयी बोलताना त्या शेजारीशेजारी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मालिका पाहिली की तो मोह समजू शकतो. डेन्व्हर शहरातला तेलसम्राट ब्लेक कॅरिंग्टन, त्याच्याच कंपनीत सेक्रेटरी असलेली आणि पुढे त्याची दुसरी बायको झालेली क्रिस्टल, आणि पहिल्या पर्वाच्या अखेरीस चेहऱ्यावर जाळी ओढून न्यायालयात साक्षीला उगवणारी पहिली बायको अलेक्सिस, या तिघांभोवती ही मालिका 1989 पर्यंत फिरत राहिली. सुरुवातीच्या नामावलीत दिसणारा तो भव्य वाडा डेन्व्हरमध्ये नव्हताच. तो कॅलिफोर्नियातल्या वुडसाइड येथील फिलोली नावाच्या इस्टेटीतला होता. 1983 साली मालिकेतल्या एका समारंभात माजी राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड आणि माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर स्वतःच्याच नावाने येऊन गेले, आणि 1984-85 च्या हंगामात प्रेक्षकसंख्येच्या यादीत ‘डायनॅस्टी’ पहिल्या क्रमांकावर पोचली. खोट्या श्रीमंतांच्या मेजवानीला खऱ्या सत्ताधाऱ्यांनी हौसेने हजेरी लावावी, इतके तिचे त्या काळात वजन होते.

याच वाड्यात 1986 साली एक बाई आगाऊपणे शिरली. तिचे नाव जोन ब्रेडरमन. ती ना नटी होती, ना एबीसीने तिला बोलावले होते. न्यूयॉर्कच्या स्त्रीवादी कलावर्तुळात वावरणारी, 1977 मध्ये सुरू झालेल्या ‘हेरेसीज’ या नियतकालिकामागच्या गटातली, पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात शिकवणारी ही व्हिडिओ-कलावंत. तिने ‘डायनॅस्टी’चे प्रसंग उचलले, क्रोमाच्या तंत्राने स्वतःची आकृती त्यांत बसवली, आणि अर्ध्या तासाच्या आसपासचा ‘जोन डज डायनॅस्टी’ हा व्हिडिओ तयार केला. दिग्दर्शनात आणि प्रतिमांच्या करामतीत तिचा जोडीदार होता मॅन्युअल डी लँडा, जो पुढे तत्त्वचिंतक म्हणून अधिक नावाजला. या व्हिडिओत कॅरिंग्टन मंडळी आपापल्या कटकारस्थानांत गर्क आहेत आणि त्यांच्या पुढ्यात, बाजूला, कधी थेट त्यांच्या अंगावरून ब्रेडरमन वावरते आहे, वेष बदलते आहे, आणि अथक बोलते आहे. तिचे बोलणे न्यूयॉर्कच्या माणसाचे, म्हणजे श्वास घ्यायलाही न थांबणारे आहे. भांडवलशाही, पितृसत्ता, खांद्यांतली फुगीर पॅडे आणि अलेक्सिसचा दुष्टपणा हे सगळे ती एकाच दमात घेते. या प्रकाराला तेव्हा ‘स्टँड-अप थिअरी’ असे नाव पडले, आणि ते तिला शोभते; सिद्धान्त आहे, पण तो सभागृहाला हसवत मांडलेला आहे.

मी हा व्हिडिओ पुण्यात, चित्रपट-रसग्रहणाच्या एका छोट्या वर्गात पाहिला. वर्गातले बहुतेक जण कलाव्हिडिओ म्हटल्यावर जे अपेक्षित असते, म्हणजे संथ प्रतिमा, मौन आणि थोडा कंटाळा, त्याची तयारी करून बसले होते. समोर आली ती एक बडबडी बाई, आणि तिच्या आकृतीच्या कडा मागच्या चित्रात नीट मिसळतही नव्हत्या. क्रोमाचे तेव्हाचे तंत्र ज्यांना आठवते त्यांना हे ठाऊक असेल. एकरंगी पडद्यासमोर माणूस उभा करायचा, तो रंग यंत्राने पुसायचा आणि त्या जागी दुसरे चित्र भरायचे. पण केसांच्या बटांभोवती, बोटांच्या फटींत, सरकत्या बाहीच्या कडेला त्या रंगाची किनार उरायचीच. मोठ्या स्टुडिओने ती किनार लपवण्यासाठी पैसे मोजले असते. येथे ती तशीच राहू दिली आहे, आणि माझ्या मते व्हिडिओची अर्धी गंमत तिच्यात आहे. कॅरिंग्टनांचा दिवाणखाना चकचकीत आहे आणि त्यात उभी असलेली बाई कातरून चिकटवलेली आहे. ती त्या घरातली नाही हे प्रत्येक चौकटीत दिसत राहते आणि तरीही तिला तेथून कोणी बाहेर काढू शकत नाही.

या ओबडधोबडपणामागे एक परंपराही आहे. ब्रेडरमन ‘पेपर टायगर टेलिव्हिजन’ या गटाशी निगडित होती. न्यूयॉर्कमध्ये केबल कंपन्यांनी नागरिकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाहिनीवर हा गट 1981 पासून कार्यक्रम करत असे. अभ्यासक हर्बर्ट शिलर समोर बसून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ वाचतात आणि वाचता वाचता त्याची चिरफाड करतात, अशा भागांनी त्याची सुरुवात झाली. मागे हाताने रंगवलेला पडदा असे आणि कार्यक्रमाच्या शेवटी तो करायला किती डॉलर लागले याचा हिशेब पडद्यावर दिला जाई. तुमच्याकडे इतकेच पैसे असले तरी टीव्ही करता येतो, हे सांगण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता. ब्रेडरमनने याच मालिकेत ‘नॅशनल एन्क्वायरर’ हे चटपटीत बातम्यांचे साप्ताहिक आधी वाचून दाखवले होते. तेथे ती छापील पानासमोर बसली होती. ‘डायनॅस्टी’त ती पानाच्या आतच जाऊन उभी राहिली.

दुसऱ्याची दृश्ये अशी उचलणे शक्य झाले यालाही कारण आहे. 1978-79 मध्ये डॅरा बर्नबाउम या कलावतीने ‘वंडर वुमन’ या साहसमालिकेचे तुकडे घेऊन आपला गाजलेला व्हिडिओ केला, तेव्हा घरी रेकॉर्डिंग करण्याची सोय दुर्मिळ होती आणि टीव्ही केंद्रांतल्या ओळखीच्या माणसांकरवी तिला त्या टेप मिळवाव्या लागल्या होत्या. त्यानंतरच्या काही वर्षांत व्हीसीआर घराघरात आला. स्टुडिओंनी असे यंत्र बनवणाऱ्या सोनी कंपनीवर खटला भरला, आणि 17 जानेवारी 1984 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला की कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा स्वामित्वहक्काचा भंग नाही. न्यायालयाच्या डोळ्यांसमोर कामावरून उशिरा परतणारा प्रेक्षक असेल, कलावंत नक्कीच नसेल. पण जी टेप थांबवता येते, मागे नेता येते, पुन्हा लावता येते, तिच्याकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहू लागतो. त्या काळात अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या बारांमध्ये बुधवारी रात्री ‘डायनॅस्टी’ सामुदायिकपणे पाहिली जाई, लोक अलेक्सिस आणि क्रिस्टल बनून येत, आणि या दोघी कमळांच्या तळ्यात पडून एकमेकींच्या झिंज्या उपटतात त्या 1983 मधल्या प्रसंगाची तर पारायणे होत. ब्रेडरमनने जे कलेत केले ते प्रेक्षकांनी आपल्या परीने आधीच सुरू केले होते, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे या बाईची जात ओळखीची आहे. तमाशातल्या गवळणीत राधा आणि गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण वाट अडवतो, आणि त्या सगळ्या दैवी कथेत मावशी नावाचे एक पात्र आजच्या बाजारातली, आजच्या गावातली भाषा घेऊन घुसते. तिला कृष्णाच्या देवपणाचे काडीचे दडपण नसते. ती त्याला नाव-गाव विचारते, त्याची टर उडवते, मध्येच प्रेक्षकांकडे वळून सद्यःस्थितीवर टोमणा हाणते आणि पुन्हा कथेत शिरते. ती कथा मोडत नाही, किंबहुना तिच्यावाचून ती पुढे सरकत नाही. ब्रेडरमन ही कॅरिंग्टनांच्या गवळणीतली मावशी आहे. फरक इतकाच की येथे कृष्णाला तिचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तिला उत्तर मिळण्याची सोय नाही. उलट हेच तिला सारखे टोचत राहते आणि तिच्या बोलण्याचा वेग वाढवत राहते.

या व्हिडिओत जे मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे की ती ‘डायनॅस्टी’चा तिरस्कार करत नाही. म्हणजे तिला सगळे दिसते. या मालिकेतल्या बायका एकमेकींच्या जिवावर उठल्या आहेत. 1984 साली ‘फॉरएव्हर क्रिस्टल’ नावाचे अत्तरही बाजारात आले आणि नायिकेचा चांगुलपणा बाटलीत भरून विकला गेला. हे सगळे उमगूनही तिला पुढच्या बुधवारची ओढ आहे, आणि ही ओढ ती लपवत नाही. बुद्धिवंतांची नेहमीची पद्धत वेगळी असते. लोकप्रिय गोष्टीवर लिहायचे तर आधी आपण तिच्या मोहात पडलेलो नाही हे जाहीर करायचे आणि मग जे त्या मोहात पडतात त्यांच्याविषयी लिहायचे. ब्रेडरमन असे काही करत नाही. राग आणि आवड तिच्या एकाच वाक्यात येतात, आणि त्यांतले कोणते खरे हा प्रश्नच उरत नाही.

माझी डोंबिवलीची आत्या नेमकी अशीच मालिका पाहायची. मांडीवर परात, परातीत गवार, डोळे पडद्यावर आणि बोटे आपोआप शिरा ओढत असलेली. मालिका ‘चार दिवस सासूचे’. ती 2001 साली ईटीव्ही मराठीवर सुरू झाली आणि 2013 पर्यंत चालली. पडद्यावरच्या माणसांशी आत्याचा संवाद अखंड चालू असे. “अगं, दाराआड कोण उभं आहे ते बघ आधी, मग बोल.” “एवढे झुमके घालून झोपतात होय या? कान ओघळेल एखादीचा.” आणि एखादे पात्र बराच काळ दिसले नाही की, “हिच्या शूटिंगच्या तारखा जमत नसणार. आता बघ, हिला माहेरी पाठवतील.” पात्र खरोखरच माहेरी जाई. ‘डायनॅस्टी’च्या सहाव्या पर्वाच्या सुरुवातीला अलेक्सिस साकारणाऱ्या जोन कॉलिन्सचे निर्मात्यांशी कराराबाबत वाजले होते आणि त्यामुळे अलेक्सिस काही काळ गायब होती, हे मी पुढे वाचले तेव्हा मला आत्याच आठवली. ती कथेत पूर्ण बुडालेली असे, डोळ्यांना पदर लावत असे, आणि त्याच वेळी कथा कशी शिजते हेही तिला स्वच्छ दिसत असे. मालिका पाहणाऱ्या बायका भोळ्या असतात अशी टीका करणाऱ्यांनी त्यांच्या शेजारी बसून एकही भाग पाहिलेला नसतो, असे माझे मत आहे.

या बोलण्याची नोंद कोठेच राहत नाही. भाग जतन होतात, त्यांच्याशी केलेली भांडणे हवेत विरतात. क्वचित कोणी ती पकडण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. इएन आंग या अभ्यासिकेने ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका पाहणाऱ्यांनी आपले मत कळवावे अशी छोटी जाहिरात नेदरलँड्समधल्या ‘व्हिवा’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात दिली, तिला 42 पत्रे आली, आणि त्या पत्रांवर तिने जे पुस्तक लिहिले ते आजही मालिकांच्या अभ्यासात पायाभूत मानले जाते. भारतात दूरदर्शनवर ‘हम लोग’ 7 जुलै 1984 रोजी सुरू झाली. मेक्सिकोतल्या प्रबोधनपर मालिकांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आणि मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या या मालिकेला प्रेक्षकांची सुमारे 4 लाख पत्रे आली असे तिचे अभ्यासक सांगतात. मालिकेतल्या थोरल्या मुलीने, बडकीने, लग्नाबाबत काय करावे याचे सल्ले लोकांनी त्यांत दिले होते. त्या मालिकेतही कथेबाहेरचा एक माणूस चौकटीत येत असे. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे, आपल्या मिश्किल आवाजात घडल्याचा अर्थ लावायचे आणि प्रेक्षकांनी त्यावर विचार करावा असे सुचवायचे. ब्रेडरमनही कथेबाहेरून येऊन अर्थच लावते, पण दोघांची जागा उलट आहे. दादामुनी मालिकेच्या बाजूने प्रेक्षकांशी बोलत होते आणि ब्रेडरमन प्रेक्षकांच्या बाजूने मालिकेशी बोलते. एकाला बोलण्याचा अधिकार वयाने आणि सरकारी वाहिनीने दिला होता. दुसरीने तो न विचारता घेतला.

जुन्या मालिकांचे संग्रह ही मुळात फार लहरी गोष्ट आहे. अमेरिकेत दुपारच्या मालिका सुरुवातीला थेट प्रक्षेपित होत, पुढे व्हिडिओटेपवर आल्या, आणि टेप महाग असल्यामुळे वापरून झाली की तिच्यावर दुसरे काही तरी रेकॉर्ड करणे ही 1970 च्या दशकापर्यंत सर्रास चालणारी पद्धत होती. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीची ही करमणूक कोणी जपून ठेवील असे वाहिन्यांना वाटलेच नाही. 22 नोव्हेंबर 1963 रोजी ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ या मालिकेचा थेट भाग सुरू असताना तो तोडून वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटच्या आवाजात केनेडींवर गोळीबार झाल्याची बातमी आली. त्यामुळे त्या दुपारच्या मालिकेतले काही क्षण आज इतिहास म्हणून जगभर पाहिले जातात. बातमीने तिला मध्येच तोडले म्हणून ती वाचली. एरवी त्या भागात कोण कोणाशी काय बोलत होते याची विचारपूस करायला कोणी गेले नसते.

‘डायनॅस्टी’ मात्र रात्रीची, श्रीमंत, फिल्मवर चित्रित केलेली मालिका होती, त्यामुळे ती टिकली. पण टिकलेले दृश्यही तसेच राहत नाही. 1984-85 मध्ये हॉलिवूडचा नट रॉक हडसन या मालिकेत काही भागांसाठी आला होता आणि त्यात त्याने क्रिस्टलची भूमिका करणाऱ्या लिंडा इव्हान्सचे चुंबन घेतल्याचा प्रसंग होता. 1985 च्या उन्हाळ्यात त्याला एड्स असल्याचे जाहीर झाले आणि 2 ऑक्टोबरला तो गेला. तेवढ्या काळात त्या चुंबनाविषयी वृत्तपत्रांनी इतके भय पसरवले की अभिनेत्यांच्या संघटनेला अशा दृश्यांबाबत आधी सूचना देण्याचा नियम करावा लागला. त्या दृश्यातले काहीही बदलले नव्हते, आणि तरी ते दृश्य पूर्णपणे दुसरेच झाले होते; चेहरा जवळ नेऊन ओठ घट्ट मिटून घेणारा तो माणूस आता समोरच्या बाईला वाचवायला धडपडतो आहे असे दिसू लागले. संग्रहातल्या दृश्यांवर काम करणाऱ्या कलावंताला कात्री लावण्यापूर्वीच काळाने हे काम करून ठेवलेले असते.

अशा कामाचा दुसरा एक मार्ग म्हणजे कॅन्डिस ब्राइट्झ या कलावतीचा. ती 1972 साली जोहान्सबर्गमध्ये जन्मली. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने टीव्हीलाच बराच काळ परवानगी दिली नव्हती. तो तेथे 1976 मध्ये आला, आणि ब्रिटिश नटांच्या संघटनेने बहिष्कार टाकल्यामुळे ब्रिटिश कार्यक्रम मिळेनात, म्हणून अमेरिकन मालिकांची तेथे चलती झाली. अशा पिढीतल्या मुलीने मोठेपणी ‘डॅलस’कडे वळणे स्वाभाविकच होते. 2002 सालच्या तिच्या ‘डायोरामा’ या मांडणीत घरगुती दिवाणखान्यासारख्या रचनेत नऊ टीव्ही संच ठेवलेले असतात, आणि प्रत्येकावर ‘डॅलस’मधले एकेक पात्र लग्न, मूल, घटस्फोट, कुटुंब यांविषयीचा एखादाच तुकडा पुन्हा पुन्हा बोलत राहते. कोणी कोणाला उत्तर देत नाही. मालिका वर्षानुवर्षे तेच ते बोलत होती हे येथे काही मिनिटांत उघडे पडते, आणि कल्पना म्हणून ही मांडणी अधिक काटेकोर आहे यात शंका नाही. तरी मला ती ब्रेडरमनच्या खालची वाटते. तिच्यात पाहणारी बाई नाहीशी होते आणि उरते ते फक्त यंत्र. दालनातून फिरणाऱ्या प्रेक्षकाला पात्रांपेक्षा आपण शहाणे असल्याचे समाधान फारच स्वस्तात मिळते. ब्रेडरमन ते समाधान देत नाही, कारण तुम्ही हसता तेव्हा पडद्यावर तुमच्याऐवजी ती उभी असते आणि तिला पुढचा भाग पाहायचा असतो.

मराठीत असे काम अजून माझ्या पाहण्यात आलेले नाही, आणि सामग्री तर पर्वताएवढी आहे. एकट्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून अधिक भाग झाले. ईटीव्ही मराठी 2015 मध्ये कलर्स मराठी झाली, त्यामुळे परवानगी मागायला जाणाऱ्याला आधी कोणाचे दार ठोठवायचे हे शोधावे लागेल. आपल्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यातले 52 वे कलम टीका आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराची मुभा देते, पण दिवाणखान्यात शिरून बडबडणारी बाई ही समीक्षा आहे की घुसखोरी, हे न्यायालयासमोर कोणी तरी एकदा वाद घालून ठरवून घ्यायला हवे. हे काम करणारी मात्र ती मालिका सबंध पाहिलेलीच हवी. कुतूहलापोटी चार भाग चाळून कलादालनात आलेली नको. तिने रोहिणी हट्टंगडींच्या आशालता देशमुखांच्या मागे सोफ्याला टेकून उभे राहावे, त्या कोणाला धारेवर धरणार हे आधीच सांगून टाकावे, आणि तरीही त्या बोलू लागल्या की क्षणभर गप्प होऊन ऐकावे. शेवटी पेपर टायगरवाल्यांप्रमाणे खर्चाचा तक्ताही द्यावा. क्रोमाच्या हिरव्या कापडाचे आणि एडिटिंगचे पैसे त्यात लागतील. साड्यांच्या रकान्यात काहीच लिहावे लागणार नाही, कारण त्या तिच्या स्वतःच्या कपाटातल्या असतील आणि मालिकेत पाहूनच घेतलेल्या असतील.